पोपटीतली पिशवी

१६ जानेवारी १९९४, रविवार

फुटली नाही. नऊच्या नऊ पिशव्या मडक्यातून शाबूत निघाल्या. थर सुटला नाही, कडेची शिवण उसवली नाही. आत कोळंबी आणि वालाचे दाणे असे शिजले होते की सगुणानेसुद्धा मान्य केलं, पिशवीचा वास लागला नाही म्हणून. बायकोच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे आयएसआयचा शिक्का मिळाल्यासारखंच.

तसं धाटावच्या शेडमध्ये डिसेंबरातच काम फत्ते झालं होतं. प्रेशरच्या टाकीत १२१ अंश, चाळीस मिनिटं, बारापैकी बारा पास. पण ते मला आणि माझ्या मेव्हण्याला, प्रविणला, माहीत. वाडीतले लोक दोन वर्षं विचारताहेत की रोह्याच्या कंपनीतली सुपरवायझरी सोडून हा दत्ता प्लास्टिक कशाला चिकटवत बसलाय. कान किटले ऐकून. आज खाडीच्या बांधावर पोपटी लावायचीच होती, म्हटलं होऊनच जाऊ द्या.

मडक्याला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये माझ्या पिशव्या, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवल्या. अर्ध्या तासाने वाडीतल्या म्हाताऱ्या गिरजाबाईने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणाली काढा आता. सव्वीस माणसं जेवली. थर्मामीटर नेला नव्हता. कंपनीत एकदा एका शहाण्याने न मोजताच तापमान वहीत टाकलं आणि जगनचा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हापासून मी मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही. म्हणून आज आकडे नाहीत. आज जेवण.

सगळ्यांना राखेत काटकीने काढून दाखवलं. बाहेर पॉलिस्टर, मध्ये अॅल्युमिनियमचा पापुद्रा, आत पॉलिप्रॉपिलीन. यात नवं काही नाही, विलायतेत असल्या पिशव्या आहेत. पण आपल्याकडचा गोंद गरम झाला की थर सुटतात. माझी युक्ती गोंदात. जाड एक हात द्यायचा नाही, पातळ दोन हात द्यायचे आणि मध्ये पापुद्र्याचं रीळ आठ तास उबेत ठेवायचं. सगुणा मागून सदरा ओढत होती. "सगलं कशाला सांगताव?" म्हणाली. म्हटलं, आपलीच माणसं आहेत, काय खातात की काय मला!

गिरजाबाईने एक रिकामी पिशवी धुऊन कमरेला खोचली. मिठागरावर पन्नास वर्षं काढलेली बाई, पण डोकं काय तल्लख. घरी जाताना पोरीबाळींना घोकवत होती, दोन हात गोंद, मधी आठ तास ऊब.

२६ सप्टेंबर १९९४, सोमवार

आज मुंबईला जाऊन अर्ज दिला. फोर्टात सोहराबजी म्हणून पेटंटचे एजंट आहेत, सत्तरीचे, कानात केस, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांनी आधीच सांगून टाकलं की नुसती पिशवी माझी म्हणता येणार नाही, पिशवी बनवायची रीत माझी म्हणायची. रीत तर रीत. तीच माझी आहे.

त्यांनी विचारलं, याआधी हे कुठे छापलंय, विकलंय, कोणाला दाखवलंय? मी म्हटलं, विकलं नाही आणि छापलंही नाही. दाखवलंय याचं काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तेवढ्यात चहा आला.

परदेशात माल पाठवणारे लाकडावाला शेठ बोलले आहेत, पेटंट हातात पडलं की धाटावला माझ्या शेडशेजारी पिशव्यांत जेवण भरण्याची लाइन टाकतील. आखाती देशांत आपली माणसं तयार जेवणाला हपापलेली आहेत म्हणे. लाइनवर वीस बायका लागतील. मी सांगून टाकलंय, बायका आमच्या वाडीतल्या. खाडीतली निम्मी मिठागरं पडीक झाली, गिरजाबाईच्या दोन्ही सुना घरी बसून आहेत. त्यांना शब्द दिलाय. पेटंट नाही तर शेठ नाही, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही. आधीच कशाला जीव टांगणीला लावा.

८ ऑगस्ट १९९६, गुरुवार

दोन वर्षांनी पेटंट ऑफिसचं पत्र आलं आणि तेही नकाराचं. परीक्षकाचं म्हणणं, पॉलिस्टर माहीत आहे, अॅल्युमिनियम माहीत आहे, गोंद माहीत आहे, माहीत असलेल्या वस्तू एकमेकांना चिकटवणं म्हणजे शोध नव्हे. डोंबल! पीठ माहीत आहे, पाणी माहीत आहे, मग ज्याने पहिली भाकरी थापली त्याने काय केलं?

सोहराबजी हसले. म्हणाले, भाकरीचं त्यांना सांगू नका, थर का सुटत नाहीत ते सांगा. दोन दिवस बसून आठ तासांच्या उबेचे सगळे आकडे काढले. सहा तासांना सुटतात, सातला कडा सुटतात, आठला सुटत नाहीत. उबेशिवाय कितीही गोंद फासा, सुटतातच. छत्तीस पानं झाली.

१५ मार्च १९९७, शनिवार

मान्य! अर्ज मान्य होऊन आज राजपत्रात छापून आला. माझं नाव, पेण तालुका, जिल्हा रायगड. सोहराबजींनी फोनवर सांगितलं की अजून पेटंट हातात नाही, चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. चार महिने. मी चार तास एका जागी बसू शकत नाही.

सगुणाने शिरा केला. प्रविण शेडवरून लवकर गेला. हल्ली तो बेचैन दिसतो. ठाण्याला काय काम निघतं त्याचं महिन्यातून दोनदा? विचारलं तर म्हणतो, मित्राकडे.

२४ जुलै १९९७, गुरुवार

हरकत आली. चार महिने संपायला एक दिवस असताना घातली आणि आज कागद माझ्या हातात. ठाण्याची मोठी पॅकिंग कंपनी, माझ्यासारखे शंभर खिशात घालील अशी. त्यांचं म्हणणं, ही रीत उघड आहे, कोणालाही सुचली असती. एका जपानी मासिकातला लेख जोडलाय. सोहराबजी म्हणाले, लेखात दोन हातांचं नाव नाही, उबेचं तर नाहीच, घाबरू नका.

मी घाबरलो नाही. मला राग आलाय. त्यांना ठाण्यात बसून माझ्या आठ तासांबद्दल कळलं कसं? राजपत्रात चार ओळी असतात. आतलं कोणीतरी सांगितलं असणार. आणि ठाण्याला जाणारा माणूस मला एकच माहीत आहे.

३ ऑगस्ट १९९७, रविवार

प्रविण आज पुन्हा ठाण्याला गेला. नवा निळा शर्ट, केसांना चमेलीचं तेल, हातात पेणच्या पापडांचा पुडा आणि मोगऱ्याचा गजरा. गजरा का, तर मित्राच्या आईला. हा माणूस माझ्या शेडमध्ये बनियनवर काम करतो. नवा शर्ट कोणी दिला? पापड कोणाला? ठाण्याच्या कंपनीतल्या साहेबांच्या घरी नेत असणार. गजरा साहेबांच्या बायकोला. सगुणाला म्हटलं, तुझा भाऊ मला विकतोय. ती माझ्याकडे बघून हसली आणि भाकऱ्या करायला गेली. सख्ख्या भावाचं पाप दिसत नाही बहिणीला.

१० ऑगस्ट १९९७, रविवार

आज मला उपाय सापडला आणि मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. ते म्हणतात कोणालाही सुचली असती. पण सुचली कोणाला आधी? मला! आणि त्याला पुरावा काय? सबंध वाडी. जानेवारी चौऱ्याण्णव, पोपटी. त्या वेळी ठाणेवाल्यांच्या बापाला तरी माहीत होतं का?

एका कागदावर लिहिलं, आम्ही खाली सही करणारे, १६ जानेवारी १९९४ रोजी दत्तात्रेय यांनी बनवलेल्या तीन थरांच्या पिशवीतलं जेवण पोपटीत शिजवून खाल्लं, आणि ती कशी बनवली ते त्यांनी आम्हांस त्याच वेळी सर्व समजावून सांगितलं. घरोघर फिरलो. मोरू नाखव्याने होडी बांधता बांधता सही केली. सखारामने मूर्तीचा रंग हाताला असताना केली, कागदावर गुलाबी बोट उठलं. तेवीस सह्या झाल्या, तिघं वारली.

गिरजाबाईने अंगठा देण्याआधी सगळं वाचायला लावलं. मग म्हणाली, "यात ऊब नाय लिवली. लिव, मधी आठ तास ऊब. मला ठावं हाय तर लिव ना." लिहिलं. तिने अंगठा असा दाबला की कागद मागे फुगला. म्हणाली, आता बग कोन तुझं घेतं ते.

१२ ऑगस्ट १९९७, मंगळवार

कागद रजिस्टर पोस्टाने थेट ठाण्याच्या कंपनीला पाठवला. सोबत पत्र, की माझ्याकडे तेवीस साक्षीदार आहेत, शहाणे असाल तर हरकत मागे घ्या. सोहराबजींना विचारलं नाही. वकिली माणसं प्रत्येक गोष्टीला थांबा म्हणतात. पोस्टातल्या बाईने वजन केलं, शिक्का मारला, आणि मला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

२९ ऑगस्ट १९९७, शुक्रवार

उत्तर नाही. घाबरले.

आज प्रविणला विचारलंच. शेडमध्ये, रीळ चालू असताना. ठाण्याला कोणाकडे जातोस? त्याने मान खाली घातली. म्हणाला, गणपती होऊन जाऊ दे दाजी, मग सांगतो. मी म्हटलं, मग काय सांगणार, मला किती किमतीला विकलं ते? त्याचा चेहरा उतरला. मशीन बंद केली, हात पुसले, चावी टेबलावर ठेवली आणि गेला. खरा माणूस असता तर भांडला असता.

सगुणा माझं ताट वाढते आणि स्वतःचं घेऊन ओटीवर जाऊन बसते.

२ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

प्रविण डोलवीच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे लागलाय म्हणे. लागू दे. मी एकटा दोन्ही रोलर सांभाळतो. काल पट्टा तिरका गेला आणि अख्खं रीळ वाया गेलं. तो असता तर नुसत्या आवाजावरून कळलं असतं त्याला.

१९ नोव्हेंबर १९९७, बुधवार

मुंबईहून आलो, चपला न काढताच लिहायला बसलोय.

सोहराबजींनी बोलावून घेतलं. ठाणेवाल्यांनी नवा पुरावा दाखल केला. जपानी मासिक मागे पडलं. आता त्यांची हरकत ही, की अर्ज देण्याआधी आठ महिने ही रीत लोकांना उघडपणे माहीत होती आणि वापरात होती, म्हणून पेटंट देता येत नाही. पुरावा म्हणून काय जोडलंय? माझा कागद. तेवीस सह्या, गुलाबी बोट, गिरजाबाईचा अंगठा, मधी आठ तास ऊब. सोबत माझं पत्र, माझ्या सहीचं.

मी म्हटलं, पण हे तर मी आधी केलं याचा पुरावा आहे. म्हाताऱ्याने चष्मा पुसला. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, कायदा हे विचारत नाही की आधी कोणी केलं. कायदा विचारतो, अर्जाच्या दिवशी ते गुपित होतं का. जे चारचौघांना सांगून टाकलं ते चारचौघांचं झालं.

चारचौघं नव्हती, सव्वीस होती.

म्हणजे कोणी विकलं नाही मला. मीच रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसकट पाठवलं. गाढव. गाढवालासुद्धा एवढी हौस नसते.

२० नोव्हेंबर १९९७, गुरुवार

डोलवीला गेटवर पहिली शिफ्ट सुटेपर्यंत उभा राहिलो. प्रविण डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आला, मला बघून थांबला. मी सगळी वाक्यं पाठ करून गेलो होतो, एकही आठवेना. म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, चला, चहा घेऊ.

ठाण्याला प्रतिक्षा नावाची बाई राहते, तिच्याशी त्याला लग्न करायचंय. नवऱ्याने टाकलेली, एक मुलगी आहे. तिच्या आईला पटवण्यात दीड वर्ष गेलं. सगुणाला पहिल्यापासून माहीत होतं, गजऱ्याचे पैसेसुद्धा तिनेच दिले होते. मलाच सांगायचं राहिलं होतं, कारण मी थोरला जावई, माझ्या कानावर घालायचं तर नीट बसून घालायला हवं. आणि मी नीट बसलो कधी?

चहाचे पैसे मी दिले. सोमवारपासून तो शेडवर येणार आहे.

११ जानेवारी १९९८, रविवार

सोहराबजींनी एक वाट शोधली आहे. अर्जाआधी एक वर्षाच्या आत जर केवळ चाचणी म्हणून वापर केला असेल आणि ती चाचणी लोकांत करणं गरजेचं असेल, तर कायदा माफ करतो. पोपटी सोळा जानेवारीची, अर्ज सव्वीस सप्टेंबरचा. मुदतीत बसतं. म्हणाले, तुम्ही त्या दिवशीची नोंद ठेवली असेल तर घेऊन या. तापमान, वेळ, किती पिशव्या, किती फुटल्या. ती नोंद असेल तर आपण वाचलो.

नोंद आहे. तीच ही डायरी. उड्या मारत घरी आलो आणि पान काढलं. नऊच्या नऊ शाबूत, ठीक. पुढे काय? गिरजाबाईने पाणी शिंपडलं. सव्वीस माणसं जेवली. आज आकडे नाहीत. आज जेवण.

वाक्य लिहिताना किती खूश होतो मी.

पान खाली चार ओळी मोकळं आहे.

१८ जानेवारी १९९८, रविवार

यंदा पोपटीला गेलो नाही. बांधावरचा धूर दारातून दिसत होता.

पेन तेच आहे, निळ्या शाईचं. चार ओळींत काय मावतं? "चाचणी क्र. १३. मडक्यातलं तापमान ११८. वेळ ३५ मि. उपस्थितांना गुप्ततेची सूचना दिली." एवढंच. दोन कोऱ्या कागदांवर लिहून पाहिलं, मग पानावर पेन्सिलने लिहिलं. जुन्या अक्षरासारखंच आलं, कारण माझंच आहे. प्रविणला दाखवलं. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं दाजी, मीही होतो तिथे, मी सांगेन मोजलं होतं.

सगुणाने वाचलं. सूचना दिली, यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग गिरजाकाकू खोटं बोलली असंच ना?"

तसंच. तेवीस जणांनी लिहून दिलंय की दत्ताने सगळं समजावून सांगितलं. मी म्हणणार, गप्प राहायला सांगितलं होतं. दोन्ही खरं असू शकत नाही. शेठची लाइन, वीस बायका, दोन्ही सुना, सगळं एका पारड्यात आणि म्हातारीचा अंगठा दुसऱ्या पारड्यात. लाइन आली तर भलं तिचंच होणार आहे ना? मग तिला कशाला कळायला हवं? असं मी स्वतःला दिवसभर सांगतोय.

आज जगन बाजारात भेटला. डाव्या हाताने पिशवी धरतो अजून.

२१ एप्रिल १९९८, मंगळवार

उद्या सुनावणी. ठाणेवाल्यांनी मूळ पिशवीही पुराव्यात मागवली आहे. गिरजाबाईकडे गेलो. तिने देवापाठून काढली. चार वर्षांत तिच्यात रेशनकार्ड, मिठागराचं हजेरीकार्ड आणि नवऱ्याचा फोटो. खाडीची दमट हवा, भिंतीवरचे फोटो बुरशीने गेले, हा मात्र कालच काढल्यासारखा आहे. सगळं बाहेर काढून पदराने पुसून तिने पिशवी दिली. कशाला हवी, विचारलं नाही. परत आन मात्र, एवढंच म्हणाली.

घरी येऊन पेन्सिलचं खोडलं. कागद तिथे खरवडला गेलाय, पांढरा दिसतो. वरून शाईने लिहिलं नाही. मोठा सज्जन आहे म्हणून नव्हे. हात धजला नाही. हरलो तर वाडीत तोंड कसं दाखवू, ही भीती अजून तशीच आहे.

२२ एप्रिल १९९८, बुधवार

सुनावणीचे अधिकारी विदर्भाकडले निघाले. त्यांना पोपटी माहीत नव्हती. म्हणाले, आधी ते सांगा. मी सांगायला लागलो. पाला कोणता, शेंगा कधीच्या, मडकं उपडं का, पाणी शिंपडून कसं कळतं. पाचेक मिनिटांनी पाहिलं तर सोहराबजींनी डोळे मिटले होते आणि ठाण्याचा वकील भराभर लिहून घेत होता.

मग आम्ही दिलेलं डायरीचं पान साहेबांनी स्वतः वाचलं, मोठ्याने. आज आकडे नाहीत, आज जेवण, इथे थांबले. खालची खरवडलेली जागा उजेडात धरली. इथे काय होतं, म्हणाले. मी म्हटलं, यंदा जानेवारीत आकडे घालणार होतो, मग घातले नाहीत. सोहराबजींनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

साहेबांनी विचारलं, ही चाचणी तुमच्या शेडमध्ये झाली असती का?

"शेडमध्ये डिसेंबरातच झाली होती, साहेब."

"मग त्या दिवशी काय होतं?"

पाठ केलेलं उत्तर तोंडाशी होतं. चुलीवरचा वापर बघणं आवश्यक होतं वगैरे. समोर टेबलावर गिरजाबाईची पिशवी पडली होती, तिला अंगाऱ्याचा वास येत होता.

मी म्हटलं, "चाचणी नव्हती. मला दाखवायची होती."

गाडी पेणला पोहोचेपर्यंत सोहराबजींचं एकच वाक्य कानात होतं. जिना उतरताना ते म्हणाले, चाळीस वर्षांत असा अशील पाहिला नाही, आणि माझा हात धरून उतरले. रागावले की काय, कळलं नाही.

१३ ऑगस्ट १९९८, गुरुवार

निकाल आला. पेटंट नामंजूर. शोध माझाच असं लिहिलंय, उघड नव्हता असंही लिहिलंय, आणि अर्जाच्या दिवशी तो लोकांना माहीत होता म्हणून कोणाचाच होऊ शकत नाही. आता ठाणेवाले करू शकतात, मी करू शकतो, कोणीही सोम्यागोम्या करू शकतो.

लाकडावाला शेठ चांगलं बोलले. म्हणाले, मग मी ठाण्याहूनच घेईन, स्वस्त पडेल. त्यांच्यावर राग धरायला जागा नाही, तेच जास्त वाईट वाटतं.

गिरजाबाईच्या सुनांना आज सांगितलं. थोरली म्हणाली, असू दे भाऊजी. धाकटी आत गेली. घरी येऊन रडलो. सगुणा जवळ बसून राहिली.

१७ जानेवारी १९९९, रविवार

पाच फेऱ्या मारल्यावर ऑफिसने पिशवी परत दिली. वर ठाण्याच्या कंपनीचा पुरावा असं, शिक्का मारलेलं लेबल टाचलंय. ती घेऊन आज बांधावर गेलो. वर्षभर टाळलं होतं. मोरूने सरकून जागा दिली. प्रविण आणि प्रतिक्षा मुलीला घेऊन आली होती, मुलीने शेंगा सोलून माझ्या ताटलीत टाकल्या.

गिरजाबाईने पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली, लेबल दाखवून विचारलं, काय लिवलंय? म्हटलं, निशाणी. साहेबासमोर ठेवली होती त्याची खूण.

"मग आपन जिकलो का नाय?"

निकालाची प्रत खिशात होती. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे, ते मराठीत करून सांगितलं. अर्जदाराच्या गावच्या तेवीस साक्षीदारांवर अविश्वास ठेवायला काहीही कारण नाही. म्हटलं, काकू, साहेबाने लिहून दिलंय, गिरजाबाई खरं बोलली.

"मुंबैच्या साहेबानं?"

"व्हय."

तिने लेबल काढू दिलं नाही. नवऱ्याचा फोटो घातला, रेशनकार्ड घातलं, लेबलासकट पिशवी कमरेला खोचली आणि मडक्यावर पाणी शिंपडायला उठली.

सगुणाने विचारलं, आज तरी आकडे लिवणार का नाय? लिहितो. मडकी तीन. माणसं एकतीस. तापमान घेतलं नाही.